भोगीचा पिझ्झा

"आज गुरुवार हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि समोरची ताटली त्यांनी दोन बोटांनी हळूच पुढे सरकवली. "मार्गशीर्षातला. माझा उपास असतोय."

ताटलीत पिझ्झ्याचा गरम तुकडा होता. खाली बाजरीची जाड भाकरी, तिच्या कडेला तीळ चिकटवलेले. वर वांगी, गाजर, पावट्याचे दाणे, ओले हरभरे आणि बी काढून अर्धी केलेली बोरं. या सगळ्यावर चीज असं वितळलं होतं, की भोगीच्या भाजीला कुणी पांढरी गोधडी पांघरली आहे असं वाटावं. कारखान्यातल्या वैदेही मॅडम हातात छापील कागद घेऊन उभ्या होत्या. त्यावर रंग, वास, चव, पोत असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण लिहायचे होते. त्यांचं पेन उघडलेलंच राहिलं.

"उपास? पण तारीख तुम्हीच दिली होती ना, मालनताई?"

"दिली व्हती की. ध्यानातनंच गेलं."

मी खुर्चीवर बसल्या बसल्या जळफळले. आत्याबाईंच्या ध्यानातून मार्गशीर्षातला गुरुवार जाईल? एक वेळ स्वतःचं नाव जाईल, गुरुवार जाणार नाही. पहाटे उठून त्यांनी देवघर पुसलं होतं. मी उपासाचं विचारलं, तर मलाच म्हणाल्या होत्या, "तू नगं धरूस आज. तिथं चव घ्यायला कुणीतरी पायजे." तेव्हा मला वाटलं, सासूला सुनेची काळजी वाटतेय. मी आनंदानं चार पोळ्या खाऊन निघाले होते.

त्या एका गुरुवारी काय काय टांगणीला लागलं होतं, ते आधी सांगते. आम्ही कोरेगावचे. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या मालन शेडगे, म्हणजे आमच्या भागातलं जेवणावळीचं मोठं नाव. पूजा असो, जागरण असो, साखरपुडा असो, मालनताईंच्या हातचं जेवण असलं की यजमान आपण स्वतःच रांधल्यासारखी मान ताठ करून पंगतीत फिरायचे. त्यातही भोगीच्या दिवशीचं त्यांचं खेंगट. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती सगळ्या भाज्यांची मिसळ घरोघरी होते, पण आत्याबाईंच्या खेंगटाचे डबे पार वाईपर्यंत जायचे. त्याचं कारण त्यांचा मसाला. तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि आणखी पंधरा जिन्नस, जे त्या मला चार वर्षांत एकेक करून सांगत होत्या, जणू घरातले दागिनेच वाटून देत होत्या.

शिरवळच्या बाजूला गोठवलेल्या पदार्थांचा एक कारखाना होता. त्याचे मालक इंगवलेसाहेब कोरेगावात एका लग्नात जेवले आणि त्यांच्या डोक्यात आलं, की भोगीला एक खास पिझ्झा काढायचा. घरी आणा, फ्रीजमधून काढा, भाजा आणि सण साजरा करा. पेटीवर पतंग, सुगडं आणि मधोमध डोक्यावर पदर घेतलेल्या आत्याबाईंचा फोटो. खाली लिहिणार होते, 'मालनताईंनी चाखून पसंत केलेला'. मसाला कायमचा आमच्याकडून जाणार, मशीनवर दळला जाणार, हाताखाली बायका लावायच्या. आत्याबाईंनी पिझ्झा चाखायचा, पसंत म्हणायचं आणि सही करायची, एवढंच राहिलं होतं.

माझं काय टांगणीला लागलं होतं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा नवरा धैर्यशील चाकणला नोकरीला. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मी हिशोब केला, तर नवऱ्याबरोबर एक वर्षभरसुद्धा राहिले नव्हते. त्यानं तिकडे खोली घेऊन ठेवली होती. "आईच्या ऑर्डरी आहेत तोवर तिला एकटीला कसं टाकायचं?" हे त्याचं पालुपद. आणि आता तो म्हणत होता, "एकदा ते कारखान्याचं जमलं, की आईला चुलीपुढं उभं राहायची गरज नाही. मग तू ये." म्हणजे आत्याबाईंच्या एका सहीवर माझा संसार अडला होता. आणि बाई बसल्या उपास धरून!

तेवढ्यात इंगवलेसाहेब आत आले. गोल, हसरा, सतत घाईतला माणूस. वैदेही मॅडमनी अडचण सांगितल्यावर त्यांनी टाळीच वाजवली.

"अहो काकी, त्यात काय! आमच्या पॅकिंगच्या बायका दर गुरुवारी हितंच देवी मांडत्यात. सांजच्याला आरती झाली की तुम्ही हितंच उपास सोडा. आणि सोडायचा कशावर? आपल्या पिझ्झ्यावर! कांदा न्हाई, लसूण न्हाई. देवीलाच पहिला निवद दाखवू."

"सांजपातूर थांबायचं?" आत्याबाईंचा चेहरा उतरला. "मला घरी मांडणी करायची हाय."

"घरची देवी आणि हितली देवी एकच की, काकी."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

"मग तोवर तुम्ही घ्या," वैदेही मॅडमनी ताटली माझ्यापुढे केली. "तुमचंही मत कळू दे."

मी घास घेतला. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन चावांत मला तो आवडला. गाजर गोड, बोरं आंबटगोड, चीज खारट, भाकरी खुसखुशीत. हे काहीतरी भलतंच आहे, पण वाईट नाही, असं मनात म्हणतेय तोवर घशाशी काहीतरी आलं. जुन्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा वास. जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून बसणारी चव. मी दुसरा घास घेतला. तेच. खवट!

"कसा वाटला?" वैदेही मॅडम डोळे मोठे करून बघत होत्या. "तो शेवटी येणारा स्मोकी फ्लेवर आला का? अगदी गावरान! आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळे त्याच्याच प्रेमात पडलेत."

"आला," मी म्हणाले. "मसाला कुठला वापरलाय यात?"

"तुमचाच. नोव्हेंबरात मालनताईंनी पाठवलेला. आम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही हं, जसा आला तसा."

मला ते शक्यच वाटलं नाही. खवट खोबरं आत्याबाईंना वाण्याच्या पायरीवरून कळायचं. यांच्या गोदामात काहीतरी घोळ झाला असणार आणि आता खापर आमच्यावर फुटणार, असं मी धरून चालले. मसाल्याचं पाकीट बघायला मागितलं. वैदेही मॅडमनी बिचाऱ्यांनी लगेच आणून दिलं. घट्ट बांधलेलं, आमच्याच घरची पिशवी, वर आत्याबाईंच्या वळणदार अक्षरात तारीख. तेवीस नोव्हेंबर. त्या आठवड्यात मी फलटणला माहेरी होते, भावाच्या साखरपुड्याला.

आत्याबाई बाहेर फाटकाजवळच्या करंजाखाली दगडावर बसल्या होत्या. मी पाकीट उघडून त्यांच्यापुढे धरलं. एवढ्या अंतरावरूनही मला त्याचा वास येत होता.

"आत्याबाई, बघा तरी."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. नाकाशी नेलं. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, नेहमीसारखाच.

"काय झालंय त्याला?" त्या म्हणाल्या. "चांगला खमंग हाय की."

त्यांनी डोळे उघडून माझं तोंड पाहिलं आणि पुन्हा एकदा हुंगलं, या वेळी घाईनं.

"जरा उग्र झालाय का?" त्यांनी विचारलं.

"खवट झालाय."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते."

आत्याबाईंनी पाकिटाचं तोंड दुमडलं, परत दुमडलं, आणखी एकदा दुमडलं. पॅकिंगच्या दोन बायका झेंडूच्या माळा घेऊन आमच्यासमोरून गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत आत्याबाई थांबल्या.

"खोबरं असंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वाण्यानं जुनं मारलं असंल. तू नव्हतीस."

तू नव्हतीस. या दोन शब्दांनी मला गेले सहा महिने एकदम आठवले. जूनमध्ये आम्हा दोघींना कोरोना झाला होता आणि दोघींचाही वास गेला होता. माझा वास आठवड्यात परत आला. "तुमचा आला का?" मी विचारायचे. "आला की," त्या म्हणायच्या. आणि त्यानंतरच त्यांनी मला रोज चुलीशी उभं करून शिकवायला घेतलं होतं. 'अर्पिता, बघ गं, तीळ झालं का. अर्पिता, बघ गं, फोडणी करपली का. हिकडं ये, आमटीचा वास घे आणि सांग, मीठ हाय का न्हाई.' स्वयंपाक देवाला दाखवायच्या आधी चाखायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मीठसुद्धा त्या वासावर ओळखायच्या, म्हणून मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. सासू परीक्षा घेतेय, या विचारानं कधी मी फुगले, कधी वैतागले. फोनवर नवऱ्याकडे किती वेळा रडगाणं गायले, की तुझी आई मला घडीभर बसू देत नाही.

"कधीपासून?"

"तवापासनं. काईच येत न्हाई. जिभंला खारट-गोड कळतंय, बाकी समदं मातीवानी. भाकरी खाल्ली काय आणि पुठ्ठा खाल्ला काय."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवून काय सांगू? मालन शेडगेला चव कळंना झालीय म्हणून? सांच्यापातूर गावभर झालं असतं."

"मग आज तुम्ही काय करणार होता? गुरुवार मुद्दाम सांगितलात ना?"

त्यांनी मान हलवली. "रोजच्या जेवणाचं मला पाठ हाय. पुरण कसं लागतंय, कटाची आमटी कशी लागतीया, ते आठवून मी बोलू शकते. ह्यो पिझ्झा मी जन्मात खाल्ला न्हाई. ह्येचं काय आठवू?"

या वेळी मला त्यांची दया यायला हवी होती. आली असेलही, पण तिच्या आधी आली ती चीड. मला समोर चाकणची खोली दिसत होती, जिच्या खिडकीला लावायला मी फलटणहून पडदे शिवून आणले होते आणि ते आमच्या ट्रंकेत तळाशी पडून होते. अजून सही झाली नव्हती. सही झाली नाही तर ऑर्डरी राहतील, आत्याबाई राहतील आणि त्यांची जीभ म्हणून मी राहीन, कोरेगावात, जन्मभर. या विचारानं मला तिथं बसवेना. मी उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. राखणदार माझ्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात धैर्यशीलचा फोन आला. "झालं का?"

"संध्याकाळी."

"का?"

"उपास आहे." तो हसायला लागला. मी फोन बंद केला आणि आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"हे बघा," मी म्हणाले, "त्या मॅडमना खवटपणा गावरान वाटतोय. त्यांना तो आवडलाय. आजचा दिवस निभावून नेऊ. पुढच्या खेपेला मी ताजा मसाला करून पाठवते, कुणाला पत्ता लागणार नाही. चव कशी आहे ते मी सांगते, तसंच्या तसं बोला."

त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत.

"सांग," त्या म्हणाल्या.

"आधी भाकरी लागते. कडेला खुसखुशीत, मधे मऊ. तीळ दाताखाली येतात."

"हं."

"मग गाजराचा गोडवा. बोराचा आंबटपणा त्याच्या मागून येतो, एकदम. चीज खारट आहे, म्हणून बोर जास्त आंबट लागतं."

"वांगं?"

"वांगं विरघळून गेलंय. दिसतं, पण लागत नाही. हरभरे कच्चट आहेत थोडे."

"हरभरं आधी वाफवायला पायजेल व्हतं," त्या चटकन म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा घटकाभर उजळला. "आणि मसाला?"

"मसाला शेवटी. घशाशी."

त्यांनी सगळं पुटपुटत पाठ केलं. दोनदा चुकल्या, मी दुरुस्त केलं. एवढी मोठी बाई माझ्यापुढे पाढे म्हणत होती आणि मी छडी घेतल्यासारखी, "नाही, बोर आधी नाही, गाजर आधी," असं सांगत होते. तो दुपारचा वेळ सरता सरेना. मी कारखान्याभोवती किती चकरा मारल्या, देव जाणे. वैदेही मॅडमनी मला दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा तो माझ्या हातात गार झाला.

सहाच्या सुमाराला पॅकिंगच्या खोलीत चौरंग मांडला गेला. कलश, पाच डहाळ्या, देवीचा मुखवटा, फळं. पांढऱ्या टोप्या काढून बायका पोथी ऐकायला बसल्या. आरती झाली. इंगवलेसाहेबांनी ओव्हनमधून नुकताच काढलेला आख्खा पिझ्झा केळीच्या पानावर ठेवून आणला आणि देवीपुढे पाण्याचं मंडल करून त्यावर ठेवला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"हसू नगा गं," साहेब म्हणाले. "देवी रोज पुरणपोळी खाऊन कंटाळत न्हाई व्हय?"

नैवेद्य दाखवून झाला. आत्याबाईंनी आधी तीर्थ घेतलं, मग ताटली हातात घेतली. वैदेही मॅडमनी कागद सरसावला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात तेच पाढे म्हणत होते.

आत्याबाईंनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला. दुसरा घास घेतला.

"भाकरी चांगली जमलीय," त्या म्हणाल्या. "कड खुसखुशीत, मधी मऊ. तीळ दाताखाली येत्यात."

वैदेही मॅडम भराभर लिहू लागल्या.

"गाजर गोड हाय. बोराचा आंबटपणा मागनं येतोय, एकदम. चीजचा खारटपणा हाय ना, त्यानं बोर आणि आंबट लागतंय. वांगं विरघळलं. हरभरं कच्चं हायत, ते आधी वाफवून घ्या."

"बघा!" इंगवलेसाहेब ओरडलेच. "ह्याला म्हणत्यात जीभ! मॅडम, मी तुमाला काय सांगितलं व्हतं?"

एकही शब्द चुकला नव्हता. मला एकदम हलकं वाटलं. साहेबांनी कराराचा कागद आणि पेन आणलं. आत्याबाईंनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, कागदावर टेकवलं.

आणि उचललं.

"मसाल्याचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "मसाला खवट हाय."

"नाही, नाही, मालनताई," वैदेही मॅडम घाईनं म्हणाल्या, "तो गावरान फ्लेवर..."

"मॅडम, गावरान न्हवं. खवट. खोबरं जुनं व्हतं. मसाला मी केला, मीच पाठवला आणि मला कळलं न्हाई. मला वास येत न्हाई. आजार झाल्यापासनं येत न्हाई. आता जे बोलले, ते समदं ह्या पोरीनं सांगितलेलं."

पॅकिंगच्या बायका आमच्याकडे वळून बघू लागल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. इंगवलेसाहेब धंदेवाईक माणूस, लगेच सावरले.

"काकी, तुमचं मन मोठं. पण कुणाला काय कळतंय? मसाला नवा करू. फोटो तुमचा, नाव तुमचं. लोकांना नावाशी मतलब."

"म्हणून तर नगं. माझं नाव बघून लोक घास घेत्यात. मी न चाखता चाखलं म्हणून कसं लिवू देऊ?"

साहेबांनी डोकं खाजवलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि चेहरा परत फुलला.

"मग सूनबाईंचं नाव घालू की! सासू-सुनेचा पिझ्झा. वर्षभर मसाला ह्याच बघतील. तुमची जीभ हायच त्यांच्यापाशी. बोला सूनबाई, करायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय बोलणार होते मी? हो म्हणाले, तर मसाल्याच्या प्रत्येक घाण्यापाशी मी हवी. आत्याबाईंचा मान राहणार, कारखाना राहणार आणि मी कोरेगावातच राहणार. नाही म्हणाले, तर सगळ्यांसमोर सासूला उघडी पाडलेली सून. मी हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"तिचं नाव नगं," आत्याबाई म्हणाल्या. "ती हितं नसतीया. ती चाकणला चाललीय, नवऱ्याकडं. सोमवारी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्यासमोर मी चाकणचं नाव कधीही काढलं नव्हतं. पेन त्यांनी टोपण लावून साहेबांच्या हातात दिलं, ताटलीतला उरलेला तुकडा संपवला, कारण उपास सोडताना पानात काही टाकायचं नसतं, आणि पिशवी उचलली.

आम्हाला साडेसातची एसटी मिळाली. आत्याबाई खिडकीशी बसल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" गाडी सुटल्यावर मी विचारलं.

"कुणी सांगायला कशाला पायजे? सांजच्याला तू न्हाणीत शिरून फोनवर बोलतीस. वास गेलाय माझा, कान न्हाई गेलं."

"आत्याबाई, मी नाही जात. ऑर्डरी आपण दोघी मिळून करू. आजवर केल्याच की."

त्यांनी मान वळवली. बसमधला दिवा बारीक होता, तरी त्यांचे डोळे मला स्पष्ट दिसले.

"खरं बोल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघून परत बोल."

मी त्यांच्याकडे बघितलं. तेच वाक्य परत म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि खिडकीची काच ओढून घेतली, कारण वारा गार सुटला होता.

सोमवारी पहाटे मी धैर्यशीलबरोबर चाकणला गेले. त्या भोगीला कोरेगावातून मालनताईंचा एकही डबा बाहेर पडला नाही. त्यानंतरही कधी पडला नाही. लोकांनी कारणं विचारली, तेव्हा आत्याबाईंनी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. आणि मी? एसटीत त्या रात्रीच्या अंधारात, मान खाली घालून, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असताना मला आनंद झाला होता. इतका, की हसू येऊ नये म्हणून मी ओठ दाताखाली धरले होते. त्यांनी ते पाहिलं की नाही, हे मला आजतागायत विचारता आलेलं नाही.